आमच्या घरात नाताळचा तारा लावायचा की नाही?

मावशी,
आम्ही कोल्हापूरचेच. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. सासरची ख्रिस्ती झालेली ही चौथी पिढी. दोन वर्षांपासून हे एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना-गटात, जायला लागले. दारू सुटली, घरात रोज प्रार्थना व्हायला लागली, त्याचं मला समाधानच आहे. पण गेल्या डिसेंबरात हे म्हणाले की नाताळ मूळचा रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा सण आहे, ईस्टर कुठल्याशा देवीचा आहे आणि झाड तर बायबलमध्येच मना केलंय. चोवीस तारखेला संध्याकाळी गॅलरीत लावलेला तारा त्यांनी स्वतः उतरवला. माझी आठ वर्षांची मुलगी विचारत होती, मम्मी, आपण आता ख्रिस्ती नाही का? सासूबाईंनी करंज्यांचं सारण तसंच डब्यात भरून ठेवलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. यंदा दिवाळीत शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या, ते ह्यांनी दारातूनच परत केलं. मूर्तिपूजकांचं आम्हाला चालत नाही म्हणाले. सासूबाई सीपीआर रुग्णालयात होत्या तेव्हा ह्याच काकू चार रात्री त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. लाजेनं मी अजून त्यांच्यासमोर गेलेली नाही. खरंच हे सगळं पाप आहे का? नवऱ्याचं ऐकावं तर सासूबाई तुटतात, सासूबाईंचं ऐकावं तर रोज वाद. नाताळ तोंडावर आलाय. काय करू?
— तुमची एक वाचक, कोल्हापूर

बाळा,

तुझ्या पत्रात नाताळ आहे, ईस्टर आहे, सूर्यदेव आहे, पण वाचून झाल्यावर माझ्या डोळ्यांपुढे राहिलं ते दारातून परत गेलेलं ताट. म्हणून सुरुवात तिथूनच करते. पुढचं वाचायच्या आधी काकूंकडे जाऊन ये. रिकाम्या हातानं गेलीस तरी चालेल. नवऱ्याची बाजू समजावत बसू नकोस, रोमचा इतिहास सांगू नकोस. ‘काकू, चुकलं आमचं’ एवढंच म्हण. कोल्हापुरातली बाई आहे, चहा टाकल्याशिवाय सोडणार नाही. तो चहा पिऊन ये, मग बाकीचं बोलू.

आता तू विचारलंस ते. नाताळ पाळणं पाप नाही. तारा लावणं पाप नाही. आणि न लावणंही पाप नाही. हे तिसरं वाक्य मी पहिल्या दोहोंइतकंच मनापासून लिहितेय. नवरा काहीतरी खूळ घेऊन बसलाय असं मनात धरून तू बोलायला गेलीस, तर बोलणं पहिल्या मिनिटातच संपेल. ज्याची दारू सुटली, जो रोज गुडघे टेकतो, त्याला आपल्या घरात देवाला न आवडणारं काही असू नये असं वाटतंय. ही ओढ खरी आहे आणि तुझ्या घरावरचा तो आशीर्वादच आहे. ती जपूनच पुढचं बोलायचं.

शिवाय त्याच्या म्हणण्याला जुनी परंपरा आहे, हे त्यालाही बहुधा कुणी सांगितलं नसेल. १६४५ साली वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेनं उपासनेची जी पद्धत तयार केली, तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की सणांच्या दिवसांना देवाच्या वचनात आधार नाही, ते पुढे चालू ठेवू नयेत. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं नाताळ बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ च्या कायद्यानं नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ साली उठला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली, म्हणजे माझ्या आईच्या लग्नानंतर! आणि आपल्या कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले, पुढे ज्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननं इथं शाळा काढल्या, मंडळ्या (म्हणजे चर्च) उभ्या केल्या, त्या मिशनचं मूळ ह्याच लोकांच्या परंपरेत. सासूबाईंच्या पणजोबांना ज्यांनी बाप्तिस्मा दिला, त्यांच्या स्वतःच्या आजोबांकडे कदाचित नाताळ होतही नसेल. हे नवऱ्याला सांग. आपलं म्हणणं बायकोनं मनावर घेतलंय हे त्याला कळेल. सासूबाईंनाही सांग. आपला मुलगा बाटला, बिघडला, असं त्यांच्या मनात असेल तर ते थोडं निवळेल.

पण त्या जुन्या लोकांचं म्हणणं एक होतं आणि तुझ्या नवऱ्याच्या फेलोशिपमध्ये सांगतात ते वेगळं आहे. जुने म्हणत, देवानं सांगितलेलं नाही ते करू नका. आता सांगतात ते असं की हा दिवसच मुळात दुसऱ्या देवाचा आहे. पहिलं म्हणणं विश्वासाचं आहे, त्याचा मान राखावा. दुसरं इतिहासाबद्दलचं विधान आहे. ते खरं की खोटं हे तपासता येतं, आणि देवाच्या नावानं बोलताना तपासायलाच हवं.

मी इतिहासाची शिक्षिका होते, म्हणून इथं जरा थांबते.

२५ डिसेंबरला रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चा जन्मदिन होता, असं दाखवणारी सगळ्यात जुनी नोंद सापडते ती सन ३५४ च्या एका रोमी पंचांगात. गंमत अशी की ख्रिस्तजन्माची २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंदही त्याच संग्रहात आहे, आणि ती ज्या यादीत आहे ती यादी सन ३३६ पर्यंत मागे जाते. ऑरेलियन बादशहानं सन २७४ मध्ये सूर्याचं मोठं देऊळ बांधलं हे खरं. पण कुणी कुणाचा दिवस घेतला हे त्या नोंदींवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरीकडे, सन २०० च्या सुमाराला तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक येशूचं मरण २५ मार्चला झालं असं लिहून गेला होता. प्रभू ज्या दिवशी मेला त्याच दिवशी मरीयेच्या उदरात आला असं पुढे कित्येक मानू लागले. २५ मार्चपासून नऊ महिने मोज, बोट २५ डिसेंबरवर येऊन थांबतं. त्या काळच्या लोकांना असा हिशेब पटत होता. मला तो पटतो असं नाही. प्रभूचा जन्म नेमका कधी झाला हे बायबल सांगत नाही, आणि आर्मेनियाची मंडळी तो आजही ६ जानेवारीलाच पाळते. मेंढपाळ डिसेंबरात रानात असतील का, ह्यावर वाद घालत बसू नका, त्यातून काही निघत नाही.

मिथ्र नावाच्या देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, असंही मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात. तसं सांगणारा एकही प्राचीन लेख नाही. ‘ईस्टर’ म्हणजे बाबेलची (बॅबिलोनची) देवी ‘इश्तार’, हे तर निव्वळ कानाला सारखं लागतं म्हणून जोडलेलं. ते पसरलं ते प्रामुख्यानं अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) १८५८ सालच्या पुस्तकामुळे. पुढे बाबेलच्या विटांवरचे लेख वाचता आले तेव्हा त्याच्या बहुतेक कल्पनांना आधार उरला नाही, पण व्हिडिओ अजून त्याच्यावरच चालतात. सन ७२५ मध्ये बीड नावाच्या इंग्रज साधूनं एओस्त्रे नावाच्या देवीचा उल्लेख केलाय, तिच्या नावाच्या महिन्यावरून इंग्रजीत ‘ईस्टर’ आलं असं तो म्हणतो. पण ही गोष्ट इंग्रजी नावाची झाली. ग्रीक-लॅटिनमध्ये ह्या सणाचं नाव ‘पास्खा’, म्हणजे यहुद्यांचा वल्हांडण सण. गोव्यात आजही ‘पास्क’ म्हणतात. आपल्याकडे इंग्रजी बोलणाऱ्या मिशनऱ्यांमुळे ‘ईस्टर’ आलं आणि पोर्तुगिजांकडून ‘नाताळ’, ज्याचा अर्थ नुसता ‘जन्माचा’ इतकाच.

झाडाचं वचन म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दहावा अध्याय. तो नवऱ्याबरोबर बसून सगळा वाच, दोन ओळी काढून नको. रानातलं लाकूड तोडतात, कारागीर ते घडवतो, सोन्यारुप्यानं मढवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात, आणि मग त्याला उचलून न्यावं लागतं कारण त्याला चालता येत नाही. हे घडवलेल्या मूर्तीबद्दल आहे. नाताळचं झाड जर्मन मुलखात आलं ते यिर्मयानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, नाहीतर नवऱ्याला वाटेल मावशी लपवतेय. मंडळीनं जुने सण आणि जुन्या जागा मुद्दाम आपल्याशा केल्या, असं घडलेलं आहे. सन ६०१ मध्ये पोप ग्रेगरीनं इंग्लंडला जाणाऱ्या मिशनऱ्यांना कळवलं होतं, की देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि त्याच जागी उपासना करा, लोक बैल बळी देतात तर ते मारून देवाचे आभार मानत जेवू द्या. म्हणजे ‘सगळं शुद्ध आकाशातून पडलं’ असं म्हणायला जागा नाही. मलाही तसं म्हणायचं नाही. उद्या एखादा नवा लेख सापडला आणि २५ डिसेंबर खरोखर सूर्याचाच दिवस होता असं ठरलं, तरी माझं उत्तर बदलणार नाही. ते का, हे सांगते.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, ह्या दिवसांत मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात जातं. मी शाळेत असताना मुलींना ह्या तारखा फळ्यावर लिहून मधले दिवस मोजायला लावायचे. १० नोव्हेंबरपासून एक्केचाळीस दिवस पुढे आणि १ फेब्रुवारीपासून बेचाळीस दिवस मागे, दोन्हीकडून आलं की २१ डिसेंबर येतो. सूर्य त्या दिवसापर्यंत दक्षिणेला सरकतो आणि मग फिरतो, म्हणून तो एकाच खिडकीसमोरून वर्षात दोनदा जातो. देऊळ बांधणाऱ्यांनी ते पाहिलं, रोमी लोकांनीही पाहिलं, शेतकऱ्यानं सगळीकडेच पाहिलं. बायबलच्या पहिल्याच अध्यायात, देवानं ज्योती नेमल्या त्या ऋतू, दिवस आणि वर्षं कळावीत म्हणून, असं लिहिलंय. सूर्य फिरतो तो दिवस कुणा देवाच्या मालकीचा होऊ शकतो असं मानणं, म्हणजे सूर्य त्या देवाचा आहे हे आपणच कबूल करणं. मी ते कबूल करत नाही.

आणि मूळ पाहूनच सोडायचं ठरलं तर कुठवर सोडशील? तुझा नवरा ज्या दिवशी उपासनेला जातो तो रविवार, आपल्या खेड्यांतला आयतवार, सूर्याचाच वार. तो प्रार्थना सुरू करतो ‘हे परमेश्वरा’ म्हणून. ‘देव’, ‘परमेश्वर’, ‘भक्ती’, ‘पाप’, ‘स्वर्ग’, ह्यातला एक तरी शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलाय का? सगळे शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी आधी दुसऱ्या देवांपुढे म्हटलेले. बायबलचं भाषांतर करणाऱ्यांनी तेच उचलले, कारण मराठी माणसाच्या काळजाला दुसरे शब्द कळत नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी प्रभूसाठी अभंग लिहिले. तोच छंद, टाळही तेच. सासूबाई त्यांची गीतं म्हणत असतील तेव्हा त्यांचे डोळे भरून येत असतील, आणि ते पाणी काही वारकऱ्यांकडून उसनं आणलेलं नसतं. प्रेषित पौलानंही अथेन्समध्ये हेच केलं. ‘आपण त्याचा वंश आहोत’ ही ओळ त्यानं ज्या ग्रीक कवीची घेतली, त्यानं ती झ्यूसबद्दल लिहिली होती. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय.

ह्याच्या उलटही एक गोष्ट बायबलमध्ये आहे, आणि मला वाटतं तुझ्या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. रानात साप चावून लोक मरत होते तेव्हा मोशेनं पितळी साप केला. तो स्वतः देवाच्या सांगण्यावरून केलेला. ह्याहून शुद्ध मूळ कुठल्या वस्तूचं असणार? पण काही शतकांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळायला लागले, आणि हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. देवानं त्याला शाबासकी दिली. म्हणजे मूळ चांगलं असूनही वस्तू मोडावी लागली, कारण आज तिच्यापुढे लोक काय करतात हे पाहिलं गेलं. नवऱ्याला विचार की मूळ चांगलं असून साप वाचला नाही, तर मूळ वाईट आहे एवढ्याच कारणानं तारा कसा काय दोषी ठरतो? दोन्हीकडे एकच माप लाव. आज आपल्या गॅलरीत त्या ताऱ्याकडे बघून आपण कुणाचं नाव घेतो?

तो कदाचित सोन्याचं वासरू काढेल. काढूच दे, त्याच्याकडचं ते सगळ्यात भारी वचन आहे. ते वासरू घडवणारा मोशेचा भाऊ अहरोन म्हणाला होता, ‘उद्या परमेश्वराचा सण’, आणि तरी देवाचा कोप झाला. म्हणजे नुसतं प्रभूचं नाव चिकटवलं की काहीही चालतं असं नाही. बरोबर आहे. पण तिथं लोकांनी वासरू घडवलं, त्याला नमन केलं, त्याला अर्पणं वाहिली. बायबलमधल्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातही इतर राष्ट्रं आपल्या देवांची सेवा करतात तशी तुम्ही करू नका असं सांगून पुढे लगेच मुलं आगीत होमण्याचं नाव घेतलंय. नमन आणि अर्पण, सीमा तिथं आहे. तिथं मीही पाऊल टाकत नाही. माझ्या शेजारणींच्या घरी गणपतीच्या आरतीला मी हात जोडत नाही, आणि त्यांना ते कधी खुपलेलं मी पाहिलं नाही, कारण मी पाठ फिरवून गेलेली नसते.

माझी आजी कागलकडच्या खेड्यातली. ती आणि आजोबा एकाच दिवशी ख्रिस्ती झाले. बेंदूर आला की गावभर बैल सजायचे. पहिल्या वर्षी तिथल्या पाळकांनी बजावलं, तुमच्या दारात बेंदूर दिसता कामा नये. आजी दिवसभर गप्प होती म्हणे. संध्याकाळी तिनं बैल धुतले, शिंगांना हुरमुंज लावला, पुरणाची पोळी खाऊ घातली. ओवाळलं नाही, कुंकू लावलं नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘प्रभू, ह्यानं वर्षभर ओढलं म्हणून आम्ही खाल्लं, तुझे उपकार.’ मी दहा-बारा वर्षांची होते तेव्हाही ती हेच करायची. हात बैलाच्या पाठीवर, डोळे मिटलेले, हुरमुंजानं बोटं लाल. मला माहीत असलेली पहिली प्रार्थना ती आहे. तुझ्या नवऱ्यानं तिला मूर्तिपूजक म्हटलं असतं का, हे त्यानं स्वतःलाच विचारावं.

आणि हो, ‘मूर्तिपूजक’ हा शब्द. रोमबद्दल इंग्रजीत बोलताना तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांना लागतो. कोल्हापुरात तो काकूंना लागतो, आपल्याच पणजीला लागतो. इथं हा शब्द घरात वापरायचा नाही, एवढं तू ठामपणे सांगू शकतेस. त्याच्या श्रद्धेला त्यानं काही कमी पडत नाही.

खरंच जुन्या गोष्टी घरातून काढायच्या असतील, तर जिथं भीती आहे तिथं बघा. अमावास्येला गाडी घ्यायची नाही, पोराला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या, शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची. आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांत हे गुपचूप चालतं आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ काढत नाही. तिथं माणूस खरोखर दुसऱ्या कुठल्यातरी शक्तीला भीत असतो. कागदाच्या ताऱ्याला कोण भितं?

फराळाचं सांगते. करिंथमध्ये बाजारातलं पुष्कळसं मांस देवळातून आलेलं असायचं. पौलानं लिहिलं, बाजारात मिळतं ते विचारपूस न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा. कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्या माणसासाठी थांबा. करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय, शेवटची दहा वचनं. काकूंनी चकली आणि करंजी आणली, प्रसादाची वाटी आणली नाही. उद्या कधी प्रसाद आणलाच आणि नवऱ्याचं मन घेत नसेल, तर हात जोडून ‘काकू, हे मला चालत नाही, पण लाडू द्या’ म्हणता येतं. मी पन्नास वर्षं म्हणतेय, एकाही बाईनं माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही.

आता नवऱ्याशी कसं बोलायचं. सासूबाई आणि मुलगी समोर नसताना बोल. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्यालाच मोठ्यानं वाचायला सांग. कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपापल्या मनात खातरी असावी, आणि जो दिवस पाळतो तो प्रभूसाठी पाळतो. नंतर विचार, तारा लावणं तुमच्यासाठी पाप आहे की आईसाठीही? ‘माझ्यासाठी’ म्हणाला तर त्याच्या हातून तारा लावून घेऊ नकोस, त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर जबरदस्ती करायचा हक्क तुला नाही. ‘सगळ्यांसाठी’ म्हणाला तर त्याच अध्यायातलं दहावं वचन दाखव, तू आपल्या भावाचा न्याय का करतोस? त्यानं गलतीकरांस पत्रातलं वचन काढलं, ‘तुम्ही दिवस आणि महिने पाळता’, तर ते तारणासाठी, म्हणजे मुक्तीसाठी, मोशेच्या नियमशास्त्राच्या जुवाखाली जाणाऱ्यांना लिहिलंय. आपल्या घरात करंज्या केल्यानं तारण मिळतं असं कुणी म्हणत नाही. आणि देवानं न सांगितलेला सण प्रभूनं स्वतः टाळला का? मंदिर शुद्ध केल्याच्या आठवणीचा सण नियमशास्त्रात नाही, तो यहुद्यांच्या मक्काबी घराण्याच्या काळात, ख्रिस्तापूर्वी १६४ च्या सुमाराला सुरू झाला. योहानाच्या दहाव्या अध्यायात त्या सणाला प्रभू मंदिरातच आहे, आणि ऋतू हिवाळ्याचा, हेही योहान आवर्जून लिहितो.

सासूबाईंचं मात्र त्यालाच करावं लागेल, ते तू करून चालणार नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू ‘कुर्बान’वरून, म्हणजे देवाला वाहिलेल्या दानावरून, परुशी नावाच्या कर्मठ यहुद्यांवर रागावलाय. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून ते आईबापाला रिकाम्या हातानं पाठवत होते. देवासाठी म्हणून आईला उपाशी झोपवलं, हे त्या अध्यायात कुठं बसतं ते त्याला कळेल. त्यानं आईपुढे जाऊन बसावं. नाताळचं नाव नाही काढलं तरी चालेल, पण ‘त्या दिवशी तू जेवली नाहीस’ हे त्याच्या तोंडून यायला हवं.

ह्या डिसेंबरात झाड आणू नका. सांताक्लॉजही नको. हे दोन्ही सोडून देताना मला काही वाटत नाही, ते आपल्याकडे दुकानांतून आलेत, आणि त्याच्या मनासारखं काही झालं हे त्याला दिसू दे. करंज्या कर, सासूबाईंच्या हाताखाली कर. त्याला खायच्या नसतील तर आग्रह नको. तारा सासूबाईंच्या खिडकीत लाव. उघडपणे, आधी सांगून लाव, तो कामावर गेल्यावर लपून नको. एकदा चोरून केलंस की त्याचं म्हणणंच खरं ठरेल, की ह्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. चोवीसच्या रात्री लूकचा दुसरा अध्याय मुलीला वाचू दे, तिथं त्याचीही हरकत असणार नाही, बायबलच तर आहे. पंचवीसला तू सासूबाई आणि मुलीला घेऊन चर्चला जा. तो आला तर बरं, नाही आला तर परत आल्यावर पहिलं ताट त्याचं वाढ. मुलीला सांग, ‘पप्पांचं आणि आजीचं प्रेम एकाच येशूवर आहे, दिवस पाळायचा का ह्यावर त्यांचं जमत नाही.’ आठ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं. तिला कुणाची बाजू घ्यायला लावू नका, चुकूनही नका.

आणि करंज्यांचं एक ताट काकूंकडे जाऊ दे. ते नवऱ्याच्या हातून गेलं तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी हट्ट धरू नकोस.

तारा विकत आणू नकोस. बुरुडांकडून बांबूच्या कामट्या आण, दहा लांब आणि पाच वीतभर. पाच-पाच लांब कामट्यांचे दोन तारे बांध, दोन्ही एकावर एक ठेवून टोकं सुतळीनं आवळ आणि मधल्या पाच कोनांत आखूड कामट्या उभ्या सरकव, म्हणजे पोट फुगतं. माझे वडील गव्हाच्या पिठाची खळ शिजवायचे आणि कागदाला कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. मोरचूद विषारी असतो, म्हणून कामट्या मुलीला बांधू दे, खळ मात्र तूच लाव आणि हात धुऊन घे. सासूबाईंना रंग निवडू दे. हे सगळं बाहेरच्या खोलीत करत बसा. तो जवळ येऊन बसला तर सुतळीचं एक टोक त्याच्या हातात दे. नाही बसला तर हाक मारू नकोस.

तुझी,
मावशी